मोडीतली नाणी

कुंभकोणमला बदलीवर आलेल्या मराठी माणसास पहिले काही महिने हे गाव देवळांचे, पितळी भांड्यांचे आणि कॉफीचे एवढेच वाटते. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले, दर बारा वर्षांनी महामहमच्या पर्वणीस लक्षावधी यात्रेकरूंनी फुलणारे आणि एरवी आपल्याच संथ गतीने चालणारे हे क्षेत्र. पुढे केव्हातरी, गावची वाट पायाखालची झाल्यावर, एखाद्या देवळाच्या सावलीत फडक्यावर जुनी नाणी मांडून बसलेला विक्रेता दृष्टीस पडतो. आपण गंमत म्हणून थांबतो. हिरवट काळ्या तांब्याचा एक वाटोळा तुकडा तो तळहातावर ठेवतो. एका बाजूस उभी मनुष्याकृती, ओबडधोबड, हातापायांच्या नुसत्या रेघा. दुसऱ्या बाजूस बसलेली आकृती आणि तिच्या अंगालगत तीन ओळींत अक्षरे. ती तमिळ असणार असे धरून आपण नजर फिरवतो, आणि एकदम दचकतो. अक्षरे नागरी आहेत. थोडे निरखले तर 'श्री राजराज' हे शब्द आपल्याला चक्क वाचता येतात. शेजारी उभा असलेला स्थानिक मित्र ती वाचू शकत नाही, आणि परक्या मुलुखातून आलेले आपण मात्र एक सहस्र वर्षांपूर्वीच्या चोळ सम्राटाचे नाव त्याला वाचून दाखवतो! माझ्या ओळखीच्या दोघा-तिघा अधिकाऱ्यांना नाण्यांचा नाद लागला तो नेमका अशा क्षणी.

राजराज चोळाची कारकीर्द इ. स. ९८५ ते १०१४. तंजावरचे बृहदीश्वर मंदिर त्याने उभारले. त्याच्या शिलालेखांतील तमिळ मजकूर प्रसिद्ध आहे. पण नाण्यावर मात्र त्याने नागरी लिपी घेतली. ज्या राजास लंकेपासून तुंगभद्रेपलीकडेपर्यंत आपले नाणे फिरावयास हवे होते त्याला एका प्रांताची लिपी अपुरी वाटली असावी, असा तर्क करता येतो. नाण्याची घडणही सिंहलद्वीपातील नाण्यांशी जुळणारी आहे, आणि पुढे लंकेच्या पराक्रमबाहूने पाडलेल्या नाण्यांवरही त्याचे नाव नागरीतच आले. ही तांब्याची नाणी इतक्या विपुल प्रमाणात सापडली आहेत की आजही त्यांतले एखादे साधारण नाणे काही शे रुपयांत मिळू शकते.

येथेच या व्यवहाराचा पहिला धडा आहे आणि नवशिके तो बहुधा पदरचे पैसे घालवूनच शिकतात. वस्तू जुनी म्हणून मौल्यवान, हा आपला घरगुती समज बाजारात टिकत नाही. अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटातून १९०९ ते १९११ या काळात बेसबॉल खेळाडूंची चित्रे असलेले लहान पुठ्ठ्याचे पत्ते वाटले गेले. त्यांतील होनस वॅग्नर या खेळाडूचा पत्ता फारच थोड्या संख्येने बाहेर पडला. त्याचे छापणे मध्येच थांबविण्यात आले. अशा एका पत्त्यास २०२२ साली साडेबाहात्तर लक्ष डॉलर, म्हणजे पन्नास कोटींहून अधिक रुपये, किंमत आली. एका बाजूस शंभर वर्षांचा पुठ्ठा आणि दुसऱ्या बाजूस हजार वर्षांचे राजचिन्ह! दुर्मीळपणा, वस्तूची स्थिती आणि ती घेण्यासाठी हट्टाला पेटलेली माणसे, या तिहींच्या गुणाकारातून किंमत निघते. काळ हा त्या हिशेबात फार तर वरखर्चासारखा येतो. हे ओळखून जो थोडे घेतो, थोडे विकतो, त्याला वर्षाकाठी चार पैसे सुटतात. त्यांना 'वरकमाई' म्हणण्याचा मोह होतो, परंतु आपल्या भाषेत या शब्दास जी दुर्गंधी चिकटली आहे ती पाहता सरकारी नोकराने तो जपूनच उच्चारावा. 'जोडधंदा' म्हणावे तर १९६४ च्या वर्तणूक नियमांतील पंधरावा नियम आडवा येतो. पूर्वपरवानगीवाचून केंद्र सरकारच्या नोकरास कोणताही व्यापार करता येत नाही. तेव्हा 'छंद' हाच शब्द सोयीचा.

कुंभकोणमला हा छंद का पिकावा याचे उत्तर नकाशात आहे. या गावाभोवती साठ-सत्तर किलोमीटरांच्या टापूत जितक्या सत्तांनी नाणी पाडली किंवा फिरवली तितक्या हिंदुस्थानात फार थोड्या ठिकाणी आढळतील. चोळांनंतर विजयनगरचे वराह आले, नंतर तंजावरचे नायक आले. १६२० साली रघुनाथ नायकाने डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना तरंगंबाडी, म्हणजे युरोपियनांचे ट्रँकेबार, वसवू दिले आणि तेथे १८४५ पर्यंत डॅनिश निशाण फडकत राहिले. त्यांनी आधी शिशाची व मग तांब्याची 'कास' नावाची बारीक नाणी पाडली; तांब्याच्या नाण्यांवर एका बाजूस डेन्मार्कच्या राजाच्या नावाची गुंफलेली मुद्राक्षरे असत. नागपट्टणम् १६५८ पासून डचांकडे होते ते १७८१ साली इंग्रजांनी घेतले. कारैकाल १७३९ मध्ये फ्रेंचांच्या हाती गेले. आणि या सर्वांच्या मध्यभागी, १६७० च्या दशकाच्या मध्यापासून १८५५ पर्यंत, व्यंकोजीराजांच्या वंशाचे तंजावरचे मराठी राज्य. डॅनिश लोक तरंगंबाडीचा वार्षिक खंड नायकांमागून या मराठी राजांना देत राहिले.

त्या काळी कुंभकोणमच्या पेठेत बसलेल्या सराफाची कल्पना करावी. दक्षिणेकडे सोन्याचा पॅगोडा किंवा होन, त्याचे फणम्, आणि फणमाचे कासु असा हिशेब. मद्रासच्या व्यवहारात ८० कासूंचा एक फणम् आणि ४२ फणमांचा एक तारांकित पॅगोडा धरीत. तंजावरच्या वसुलाचे आकडे 'चक्रम्' या नाण्याच्या मापाने मांडलेले असत. यात डच दुडू, डॅनिश कास, फ्रेंच नाणी, आणि पर्वणीस आलेल्या यात्रेकरूंनी आपापल्या मुलखातून आणलेली खुर्दा. प्रत्येकाची झीज, प्रत्येकाचा बट्टा वेगळा. जुन्या नाण्यांचा परीक्षक म्हणून आज जो मिरवतो त्याची खरी गुरुपरंपरा या सराफांकडे जाते. फरक इतकाच की त्यांना नाण्यातील धातू पाहावयाचा होता आणि आपण त्यावरील अक्षर पाहतो.

हा सारा गलबला दोन टप्प्यांत मिटला. १८१८ साली मद्रास इलाख्यात रुपया हे प्रमाण नाणे ठरले आणि साडेतीन रुपयांस एक पॅगोडा असा दर लागला. १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया आला. जुने नाणे आता नाणे उरले नाही. ते तांबे झाले, आणि तांबे म्हणून मोडीत गेले. कुंभकोणम आणि त्याचा परिसर तर धातुकामाचे माहेरघर. नाच्चियारकोविलच्या पितळी समया, स्वामिमलैच्या पंचलोही मूर्ती, कुंभकोणमची भांडी, या साऱ्यांना मोड लागे. चोळांची, नायकांची, आणि आपल्या मराठी राजांची म्हणून ओळखली जाणारी नागरी अक्षरांची तांब्याची नाणी किती मणांनी मुशीत वितळली असतील याची मोजदाद करण्याचा कोणासही मार्ग नाही. एखाद्या घरी तेवणाऱ्या समईत राजराजाचे नाव विरघळलेले असेल. ('मोडीत काढणे' हा वाक्प्रचार आणि तंजावरच्या दप्तरातील 'मोडी' लिपी यांचा व्युत्पत्तीने संबंध नसेल, पण तंजावर प्रांती हिंडताना दोन्ही शब्द एकत्र आठवतात खरे.)

मुशीच्या तोंडून नाणी ओढून काढणारे पहिले लोक होते बदलीवर आलेले अधिकारी, आणि म्हणूनच या मासिकाच्या वाचकांस त्यांची हकीकत सांगावीशी वाटते. कर्नल कॉलिन मॅकेंझी हा कंपनीचा पैमाशदार. जमिनीची मोजणी हे त्याचे पगाराचे काम. पण गावोगावच्या पोथ्या, कैफियती, शिलालेखांच्या नकला आणि नाणी गोळा करणे हे त्याने स्वतःच्या खर्चाने आणि कावली बंधूंसारख्या तेलुगु साहाय्यकांच्या जिवावर केले. नाण्यांची संख्या सहा हजारांहून अधिक झाली. १८२१ मध्ये तो वारला तेव्हा संग्रहाचे काय करावयाचे हा प्रश्न आला, आणि अखेर सरकारने तो त्याच्या विधवेकडून एक लक्ष रुपयांस विकत घेतला. फावल्या वेळच्या संग्रहास एवढी किंमत आल्याचे त्या काळचे हे ठळक उदाहरण. पण मॅकेंझीने त्यासाठी खर्चलेले पैसे आणि वर्षे हिशेबात धरली तर हा सौदा नफ्याचा म्हणवेल असे वाटत नाही.

वॉल्टर इलियट आपल्याला अधिक जवळचा. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्माने कंपनीशी झुंज दिली तेव्हा जे दोन तरुण इंग्रज अधिकारी तिच्या कैदेत पडले त्यांतील हा एक. धारवाडकडच्या नोकरीत त्याने कानडी शिलालेख जमविले, पुढे मद्रासकडे नाणी जमविली. म्हातारपणी स्कॉटलंडमध्ये त्याची दृष्टी गेली. 'दक्षिण हिंदुस्थानची नाणी' हा त्याचा ग्रंथ १८८६ च्या सुमारास प्रसिद्ध झाला तो या आंधळेपणात. ज्याने आयुष्यभर नाणे डोळ्यांजवळ धरून वाचले त्याने शेवटी ते बोटांनी चाचपून आठवले असेल, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. त्याच दशकात मद्रास लष्करातील कॅप्टन टफनेल याने दक्षिणेत नाणी जमविणाऱ्यांसाठी सूचनांचे एक पुस्तक लिहिले, आणि वेल्लोरच्या डॅनिश मिशनमधील पाद्री लोव्हेंताल याने १८८८ मध्ये तिरुनेल्वेलीच्या नाण्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. यांपैकी कोणीही इतिहासाचा पगारी अध्यापक नव्हता. एक मोजणी करी, एक महसूल पाही, एक कवायत घेई, एक धर्मोपदेश करी.

आपल्या काळातील उदाहरण द्यावयाचे तर चेन्नईचे आर. कृष्णमूर्ती यांचे देता येईल. ते 'दिनमलर' या तमिळ दैनिकाचे संपादक. २०२१ मध्ये निवर्तले. करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रातील वाळू चाळून लोक बारीकसारीक धातू काढीत आणि त्यात सापडलेली नाणी व्यापाऱ्यांकडे येत. कृष्णमूर्ती अशा व्यापाऱ्यांकडून नाणी घेत. १९८० च्या दशकात त्यांच्या हाती आलेल्या एका चौकोनी तांब्याच्या नाण्यावर घोड्याच्या आकृतीसोबत तमिळ-ब्राह्मीत 'पेरुवळुदि' हे पांड्य राजाचे नाव वाचता आले. संगमकालीन तमिळ राजांनी स्वतःच्या नावाची नाणी पाडली असतील असे तोवर पुष्कळ अभ्यासक मानीत नसत. एका नाण्याने प्रकरण उलटे केले. आणि ते नाणे उत्खननातून नव्हे, बाजारातून आले होते.

असे असता सरकारने या व्यापाराकडे संशयाने का पाहावे? माझ्या मते त्याचे उत्तर खुद्द सरकारच्याच एका कायद्यात आहे. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविले पाहिजे. न कळविल्यास कैदेची शिक्षा. त्या धनावर दुसऱ्या कोणाचा हक्क शाबीत न झाल्यास आणि निराळा करार नसल्यास तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. येथवर ठीक. परंतु सरकारला ते स्वतःकडे ठेवावयाचे असेल तर द्यावयाची किंमत ठरली ती अशी: धातूचे मोल अधिक त्याचा एक पंचमांश. म्हणजे नांगराच्या फाळाला लागलेल्या चोळ नाण्यांच्या मडक्याचे सरकारी मूल्य हे मोडीच्या भावापेक्षा शेकडा वीस टक्के जास्त! आणि त्यासाठी कुळाने तालुक्याच्या गावी खेपा घालावयाच्या, पंचनामे करावयाचे. त्यापेक्षा रात्री सोनाराकडे जाणे त्यास शहाणपणाचे वाटले तर दोष कोणाचा? कायदा करणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मात्र त्यांनी नाण्याकडे त्या सराफाच्याच नजरेने पाहिले.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याने, जो ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला, शंभर वर्षांपूर्वीचे नाणे ही पुरावस्तू ठरली. पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा करणाऱ्यास परवाना लागतो आणि खाजगी माणसास ती देशाबाहेर नेता येत नाही. कुंभकोणमच्या फडक्यावर बसलेल्या विक्रेत्याला यांतले काही ठाऊक असते, काही नसते. पण हा कायदा एवढा कडक का झाला हे या परिसरातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

कुंभकोणमजवळ शिवपुरम् नावाचे खेडे आहे. १९५१ साली तेथील शेतात काही कांस्यमूर्ती निघाल्या. त्यांत एक दहाव्या शतकातील नटराज होता. मूर्ती गावच्या देवळात ठेवल्या गेल्या. पुढे त्या दशकात डागडुजीसाठी म्हणून त्या बाहेर गेल्या आणि देवळात परत आला तो हुबेहूब नकली नटराज. अस्सल मूर्ती हातोहात मुंबईस आणि तेथून अमेरिकेस गेली. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात देवळातील मूर्ती अस्सल नसल्याचे लिहिले तेव्हा कोठे बोभाटा झाला. १९७३ मध्ये नॉर्टन सायमन या धनिकाच्या प्रतिष्ठानाने तिच्यासाठी नऊ लक्ष डॉलर मोजल्याचे प्रसिद्ध झाले. भारत सरकारने दावा लावला, तडजोड झाली, आणि १९८६ साली नटराज परत आला. पत्तूरच्या नटराजाची गोष्ट अशीच: १९७६ च्या सुमारास खोदताना एका मजुरास तो सापडला, किरकोळ पैशांस विकला गेला, आणि हात बदलत बदलत १९८२ मध्ये लंडनमध्ये अडीच लक्ष पौंडांस एका कंपनीने घेतला. तेथील न्यायालयात त्याच्यावर हक्क सांगणाऱ्यांत खुद्द पत्तूरचे पडके देऊळ होते. १९९१ साली अपील न्यायालयाने देवळाचा हक्क मान्य केला.

मूर्ती आणि नाणे यांत महदंतर आहे हे मी जाणतो. देवाची मूर्ती चोरणे आणि मोडीतून कासु उचलणे यांना एका तागडीत घालणे अन्यायाचे होईल. तरीही साखळीची पहिली कडी दोन्हीकडे तीच: शेतात राबणारा माणूस, त्याच्या हाताला लागलेली वस्तू, आणि ती कोठे सापडली हे विसरण्यासाठी त्याला मिळालेले थोडे पैसे. हे 'विसरणे' सर्वांत महाग पडते. एका मडक्यात राजराजाची दोनशे नाणी आणि लंकेची वीस नाणी एकत्र सापडली तर त्यावरून त्या गावाच्या व्यापाराचे एक पान लिहिता येईल. तीच दोनशेवीस नाणी दहा फडक्यांवर विखुरली की उरतो तो तांब्याचा खुर्दा. पेरुवळुदीच्या नाण्यावर नाव होते म्हणून ते बोलले. बहुतेक नाण्यांना तोंड नसते. त्यांचा पत्ता हाच त्यांचा इतिहास असतो.

शिवाय चिंच. घासलेले भांडे लखलखीत असावे ही आपल्या घरांची शिकवण विक्रेत्यांनीही उचलली आहे, आणि गिऱ्हाईक खूष व्हावे म्हणून ते नाणे चिंचेने घासून लाल करतात. हजार वर्षांत तांब्यावर चढलेला हिरवट-काळा थर हा नाण्याचे चिलखत असतो आणि त्याच्या अस्सलपणाची खूणही. तो गेला की अक्षरांच्या कडा बोथट होतात, जाणकार संग्राहक तोंड फिरवतो, आणि किंमत अर्ध्यावर येते. मी एका वृद्ध विक्रेत्यास हे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. तो हसून म्हणाला, "सार, मळकट नाणे कोण घेणार?" त्याच्या गिऱ्हाइकांच्या दृष्टीने त्याचे बरोबर होते.

याच वृद्धाने मी मराठी आहे असे कळताच एके दिवशी कमरेच्या बटव्यातून खास राखून ठेवलेले नाणे काढले. "शिवाजी कासु," तो आदराने म्हणाला. मी हातात घेतले. एका बाजूस 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. क्षणभर घशाशी काही दाटून आले, आणि त्याने सांगितलेली किंमत मी घासाघीस न करता दिली. घरी दिव्याखाली पाहिले तेव्हा अक्षरांच्या ओळींमधील दोन आडव्या रेघा दिसल्या. ती दुदांडी शिवराई होती. महाराजांच्या मागे कित्येक वर्षांनी, पेशवाईत आणि त्याही नंतर, देशावर ढिगांनी पाडलेल्या नाण्यांपैकी एक. कावेरीकाठी ती बहुधा एखाद्या पुण्याच्या दलालाच्या पिशवीतूनच आली असावी. म्हाताऱ्याने मला फसविले असे मी म्हणणार नाही, कारण नाण्यावर जे लिहिले होते तेच त्याने सांगितले. मला फसविले ते माझ्या मराठीपणाने. ज्या गावी १८२८ मध्ये सर टी. माधवरावांसारखा मुत्सद्दी जन्मला, त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी करून आला, त्या गावी दोन शतके परक्या मुलखात मुरलेल्या मराठी घरांतले कोणी सोबत असते तर त्याने मला वेळीच कोपराने ढोसले असते.

शिवराई मी ठेवून दिली आहे. विकण्याचा विचार केला नाही, आणि केला असता तरी खरेदीची किंमत परत आली नसती. राजराजाचे नाणे मात्र पुन्हा एकदा त्याच्याकडे घेऊन गेलो आणि ते कोठे सापडले असे विचारले. त्याने नदीपलीकडच्या एका खेड्याचे नाव सांगितले. दोन आठवड्यांनी बोलता बोलता पुन्हा विचारले तेव्हा त्याने दुसऱ्याच खेड्याचे नाव घेतले. वहीत मी दोन्ही नावे लिहिली आहेत, आणि प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह.